डेगीचं माप

उदगीर, बसस्टँडच्या मागं, हुडगे बिछायत केंद्र.
खुर्च्यांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवून
मी यादी वाचत होते:
मेमरी अर्धा जीबी, एक, दोन, चार.
डिस्क दहा, वीस, चाळीस.
पुढं महिन्याचं भाडं.
गुंडेरावकाकांनी फक्त भाडं वाचलं.
"भाड्यानंच घेलालाव न्हवं?
मग हे आपल्यासारखंच दुकान हाय."

तसंच होतं ते.
कुठल्याशा शहरातल्या थंड खोलीत एक भलंमोठं यंत्र,
त्याला आतून कनाती मारलेल्या.
प्रत्येकाला वाटतं, अख्खा मंडप माझाच.

अर्धा जीबी घेतला. वर डेबियन अंथरलं,
डेटाबेस मांडला, बुकिंगचं पान टांगलं.
भाद्रपदात सगळं झकास,
कारण भाद्रपदात मंडप कोण मागतो?

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली.
रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी
नळेगावच्या कुण्या मुलीच्या मामानं झालरीचे फोटो उघडले,
त्याच घडीला देवणीच्या तिघांनी,
आणि साइट बसली.
लॉगमध्ये एकच ओळ.
जागा संपली तेव्हा कर्नलनं
पंगतीतला सगळ्यात जाडजूड इसम हाताला धरून उठवला होता,
आणि तो निघाला आचारी.
डेटाबेस गेला. जेवण कोण करणार?

"चारचं घे," काका म्हणाले सकाळी,
पण खिशावर हात ठेवून.

मागच्या अंगणात महेबूबचाचा डेग उलटी करून घासत होते,
कोपरापर्यंत राख.
मान वर न करता विचारलं, "माणसं किती?"
दिवसाला नऊशे.
"ते न्हाई. एका टायमाला पानावर किती?"

हे मी मोजलंच नव्हतं.
मोजलं. सहा. मुहूर्ताच्या आठवड्यात नऊ.
आणि वाढपी मी सोळा उभे केले होते,
रिकाम्या हातांचे,
एकेक चाळीस-पन्नास एमबीची जागा अडवून.

बारा जणांना घरी पाठवलं.
मेमरी एक जीबी केली, त्याहून नाही.
एवढीच स्वॅप फाइल, गल्लीत टाकलेली सतरंजी:
उशिरा येणाऱ्याला तिथं बसवायचं,
वाढायला वेळ लागतो, उपाशी कुणी जात नाही.

डिस्कचं मला कुणी शिकवलं नाही.
चाळीसवर बोट होतं माझं.
मग नजर डाव्या भिंतीकडं गेली,
तिथल्या त्या अजस्र डेगीकडं,
जी काकांनी एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नासाठी घेतली
आणि पुन्हा कधी चुलीवर चढली नाही.
आता तिच्यात कनातीचे दोर असतात, एक मांजर असते.
ही डिस्कही तशीच: वाढवता येते,
कापून लहान करता येत नाही.
वीस घेतली.
नऊ-नऊ एमबीचे फोटो बारीक केले
(झालरीचे धागे कुणाला मोजायचेत?),
लॉगला रोज घडी, आठवड्यानं उकिरडा.

संध्याकाळी काकांसमोर मेमरी उघडून दाखवली.
मोकळी: सत्तर एमबी.
त्यांचा चेहरा उतरला. "भरली की गं!"
शेवटचा रकाना बघा, म्हटलं.
मधलं सगळं कॅश. रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली पिशवी,
पाहुणा आला की उचलायची.
काकांनी चष्मा पुसून वाचलं: चारशे बारा.
बराच वेळ बघत राहिले.
शेजारच्या कुणाच्या दुकानात इतक्या खुर्च्या
त्यांनी कधी फुकटात मोजल्या नसतील.

मग वही ओढली, आणि भांड्यांच्याच पानावर,
झारे, ओगराळी, पितळी बादल्या यांच्या खाली लिहिलं:
मेमरी १ नग. डिस्क १ नग, लहान.
परत देण्याची तारीख?
त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले,
रकाना रिकामा राहिला.
शेवटच्या रकान्यात मात्र
काहीही भाड्यानं आणताना-देताना भरतात तसं
अक्षर घोटून भरलं:
पोचे: १, कार्तिकातला.